एर्लिंदाने पळवलेलं बाळ

एर्लिंदाला स्वस्थ बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्याने आमच्या गल्लीत येऊन शपथेवर सांगावं. साठीला टेकली बाई, पण पायाची भिंगरी काही थांबली नाही. स्वतःच्या लग्नात पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असताना ही नवरी उठली आणि वेदीवरची वाकडी फुलं सरळ करून आली. पाद्रीबाबा बोलायचे थांबले, लोक खोखो हसले, आणि नवरा ताचो बिचारा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. पुढचा संसारही त्याने बहुतेक तसाच केला.

धंदाही तिला पायांना शोभेल असाच मिळाला. आमच्या आत्लिस्को गावात जिकडे बघाल तिकडे रोपवाटिका. एर्लिंदा तिथून फुलं उचलायची आणि पहाटेच्या बसने पुएब्ला, चोलुला, कधी थेट राजधानी गाठायची. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला झेंडू, डिसेंबरात नाताळची लाल पानांची रोपं, एरवी गुलाब म्हणा, ग्लॅडिओलस म्हणा. दोन्ही मुलगे तिने फुलांच्या टोपलीशेजारी बसवूनच वाढवले. घरी आली की धुणं, भांडी, अंगण, आणि ते संपलं की शेजारणीचं अंगण. हाताला काम नसलं की तिचा जीव कासावीस व्हायचा.

समोरच्या घरात निंफा. ती अगदी दुसरं टोक. शिवणयंत्र खिडकीशी मांडलेलं आणि ही त्याच्यामागे. गावातल्या किती मुलींचे पंधराव्या वाढदिवसाचे झगे तिने त्या खिडकीत शिवले असतील, देव जाणे. एर्लिंदाच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला निंफाच धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं आम्ही सख्ख्या बहिणीच्या वर धरतो. एर्लिंदा कुठूनही आली की काखेतली टोपली न उतरवता निंफाच्या खिडकीबाहेर उभी राहायची आणि धाडधाड बातम्या सांगायची. निंफा म्हणायची, "आत तरी ये, कॉफी टाकते." ही म्हणायची, "आलेच," आणि तोवर कोपरा वळलेली असायची.

गेल्या नाताळात निंफाच्या घरी बाळयेशूच्या गव्हाणीभोवती आम्ही सगळे जमलो होतो. फळांचं गरम पेय पेल्यांत ओतता ओतता निंफा म्हणाली, "ही माझी या घरातली शेवटची गव्हाण. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की मी यादिराकडे चालले. एर्मोसियोला. कायमची."

यादिरा तिची एकुलती लेक. एर्मोसियो म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळवंटात. बायका रडल्या, गळ्यात पडल्या. एर्लिंदा मात्र हूं की चूं बोलली नाही. तिथेच आम्ही ओळखायला हवं होतं. सगळे डोळे मिटून प्रार्थना म्हणत होते, आणि आमेन म्हणून डोळे उघडले तर गव्हाणीतला बाळयेशू गायब.

आता बाळ चोरणं हा काही आमच्याकडे गुन्हा नव्हे. उलट मान आहे तो. नाताळला ओळखीतलंच कुणीतरी बाळ शालीखाली घालून पळवतं, गुपचूप सांभाळतं, नवे कपडे शिवतं आणि फेब्रुवारीच्या दोन तारखेला, कांदेलारियाच्या सणाला, बँड लावून, मक्याच्या पानांत उकडलेल्या तमाल्यांचं पातेलं घेऊन वाजतगाजत परत आणून देतं. तोवर चोराचं नाव कुणी फोडायचं नाही. पण निंफाच्या आईचा आणखी एक दंडक होता: गव्हाण रिकामी टाकून घराला कुलूप लावायचं नाही. आणि निंफा मेलेल्या आईचाही शब्द मोडणारी नव्हे. एर्लिंदाने नेमकं हेच हेरलं. बाळ नाही तर जाणं नाही, निदान कांदेलारियापर्यंत तरी नाही. तोवर ती काहीतरी युक्ती काढणार होती. काय युक्ती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

एकच घोटाळा झाला. पळण्याच्या धांदलीत ती दाराच्या चौकटीवर आदळली आणि आशीर्वादाला उचललेल्या हाताची दोन बोटं तुटली. निंफाच्या आजीपासून चालत आलेलं बाळ ते! पुढच्याच फेरीला तिने ते बाळ फुलांच्या टोपलीत लपवून पुएब्लाला नेलं आणि सिरिलो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे बोटं जोडायला टाकलं.

इकडे निंफा दारोदार विचारत सुटली. "बायांनो, जिच्याकडे असेल तिने द्यावं गं, मला जायचंय." आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण सांगतंय कोण? आणि एर्लिंदा तिच्या बरोबरीने दारोदार हिंडून चोराला शिव्या देत होती. "निर्लज्ज मेली! एकट्या बाईचं बाळ उचलताना हात कसे झडले नाहीत!" आम्ही ओठ चावून हसू दाबत होतो.

जानेवारी संपत आला आणि यादिराने विमानाचं तिकीट धाडलं. शनिवारचं. कांदेलारियाच्या आधीचं. बुधवारी संध्याकाळी एर्लिंदा खिडकीशी आली तर निंफाने यंत्रावर कापड घालून ठेवलेलं.

"उद्या पुएब्लाला चलतेस का?" निंफा म्हणाली. "दुसरं बाळ विकत आणते. गव्हाणीत ठेवते आणि निघते. शुक्रवारी सामान, शनिवारी विमान. तुला पुएब्ला तोंडपाठ आहे, म्हणून विचारते."

"दुसरं बाळ? असं कुठे असतं का?" एर्लिंदा ओरडलीच. "आजीच्या बाळाच्या जागी कुठलंतरी प्लॅस्टिकचं पोर?"

"मग काय करू? चोर लाजला असेल, येत नाहीये. तू नाही आलीस तर मी एकटी जाते."

एकटी गेली असती तर सरळ बाळयेशूच्या मूर्तींच्या बाजारात पोचली असती आणि दुपारपर्यंत परत. एर्लिंदा म्हणाली, "येते की. तुला एकटीला सोडेन होय?"

सकाळच्या बसमध्ये निंफा खिडकीशी बसली आणि झोपली. एर्लिंदा मधल्या वाटेत उभी. जागा होती, पण उभी. तिच्या डोक्यात एकच घोकंपट्टी. दुपारी जेवायला दुकानं बंद होतात. तोवर निंफाला गावभर फिरवायचं, मग "अरेरे" म्हणायचं आणि बस पकडायची. बाळांच्या बाजाराकडे न्यायचं नाही, आणि कारमेनच्या देवळामागे, सिरिलोच्या गल्लीकडे तर फिरकायचंही नाही. बाजार एका अंगाला, गल्ली दुसऱ्या अंगाला. मध्ये अख्खं शहर होतं. जमण्यासारखं होतं.

पोपो ज्वालामुखीने रात्रभर राख उडवली होती. पुएब्लाच्या रस्त्यांवर जो तो फडकी घेऊन गाड्यांच्या काचा पुसत होता. एर्लिंदा पुढे आणि निंफा चार पावलं मागे, अशी वरात निघाली.

"हा बाजाराचा रस्ता का?" निंफाने विचारलं.

"आधी सान फ्रान्सिस्कोच्या देवळात जाऊ. प्रवासाला निघणारीने संताला हात लावल्याशिवाय जाऊ नये."

"तो गाडीवाल्यांचा संत आहे, एर्लिंदे. मी विमानाने चालले."

"विमान काय बिनड्रायव्हरचं असतं?"

निंफा तिच्यामागून देवळात शिरली. काचेच्या पेटीत संताचा जपून ठेवलेला देह निजला होता आणि भोवती लोकांनी नवसाच्या खेळण्यातल्या गाड्या वाहिलेल्या. निंफाने काचेला हात लावला, कपाळाला लावला, गुडघे टेकले. एर्लिंदाने तेवढ्यात देवळाला दोन चकरा मारल्या आणि दारातल्या मेणबत्तीवालीला फुलं कुठून घेतेस म्हणून विचारून घेतलं.

मग मिठायांची गल्ली. रताळ्याच्या वड्या, भोपळ्याच्या बियांच्या पेस्टने माखलेल्या गोड पुऱ्या. "नातवंडांना नको का न्यायला?" म्हणत एर्लिंदा तिला या दुकानातून त्या दुकानात ओढत होती. निंफाने पहिल्याच दुकानात घ्यायचं ते घेऊन पिशवीत टाकलं होतं.

"एर्लिंदे, अगं झालं माझं."

"चव तरी घे इथली."

"सगळीकडे रताळंच आहे!"

तिथून दोन नंबरचा रस्ता ओलांडला, मग पुन्हा दोन नंबरचाच लागला. निंफा कोपऱ्यावर थांबली. "मघाशीपण दोनच होता ना हा?"

"तो दोन पूर्व. हा दोन उत्तर."

"आणि दोन दक्षिण, दोन पश्चिमही असतील."

"आहेत ना."

"मेल्यांना आकडे महाग पडले होते का?" निंफा म्हणाली. "बाजार कुठल्या दोनवर आहे तेवढं सांग."

"आलाच. त्याआधी सांतो दोमिंगोचं सोन्याचं देऊळ बघून घे. एर्मोसियोत वाळू सोडून काही बघायला मिळणार नाही तुला."

इथे मात्र एर्लिंदाला आयती संधी चालून आली होती. निंफा त्या सोनेरी कोठडीत शिरली आणि बाकावर बसली. भिंती सोन्याच्या, छत सोन्याचं, कोपऱ्याकोपऱ्यांतून गाल फुगवलेले देवदूत. निंफाच्या शिवणाऱ्या डोळ्यांना ती नक्षी म्हणजे मेजवानीच. ती एकेक वेलबुट्टी निरखत बसली, आणि म्हणाली, "थोडं बसू या गं इथे. ये, माझ्याजवळ बस."

दुसरी कुणी असती तर बसली असती. दुकानं बंद होईपर्यंत बसली असती, काम फत्ते! एर्लिंदालाही ते कळत होतं. ती बसलीसुद्धा. लगेच तिचा उजवा पाय हलायला लागला, मग डावा. तिने शाल सारखी केली. तिने पुढच्या बाकाखालचा कागद उचलला. वेदीजवळ एक मेणबत्ती वाकडी होती. ती सरळ केली. मग शेजारचीही. देवळाचा सेवक खाकरला. एर्लिंदा परत येऊन बसली आणि तिला वाटलं की आपल्या अंगावर मुंग्या सोडल्यात कुणीतरी. शनिवारी ही जाणार, शनिवारी ही जाणार, हेच डोक्यात. स्वस्थ बसलं की हेच ऐकू येतं, म्हणून तर ती बसत नसे.

"चल," ती उठून म्हणाली. "पुरे झालं सोनं."

"आत्ता तर बसलो!"

"चल म्हणते ना!"

निंफा उठली. एर्लिंदाकडे जरा बघत तिने शाल सावरली.

एका गाड्यावर दोघींनी सेमिता घेतल्या, तिळाचा पाव, आत तळलेलं मांस आणि चीजच्या तारा. निंफा बाकड्यावर बसून खाऊ लागली, एर्लिंदा उभ्याने. निंफा आतली उग्र वासाची पापालोची पानं वेचून वेचून कडेला ठेवत होती.

"पानं काढलीस तर राहिलं काय त्यात?" एर्लिंदा म्हणाली.

"मला नाही आवडत, चाळीस वर्षं सांगतेय."

"एर्मोसियोत मिळणारही नाहीत. तिथे माणसंच उकडून निघतात, पाला कसला उगवतो! आणि तू शिवणार काय तिथे? त्या उन्हात कोण कपडे घालतंय?"

"यादिराने मागची खोली दिलीय मला. गारवा करणारं यंत्र लावलंय."

"म्हणजे पेटीत घालून ठेवणार तुला. त्या संतासारखी."

निंफाने घास खाली ठेवला. "तुला मी जाऊ नये असं वाटतं का?"

एवढा सरळ प्रश्न. एर्लिंदाला नुसतं "हो" म्हणायचं होतं. तिने तोंड पुसलं, कागद चुरगळला, इकडेतिकडे कचऱ्याची टोपली शोधली. "मला काय वाटायचंय! तुझं घर, तुझी लेक. चल, पाय उचल, दुकानं बंद होतील."

ती चौकाच्या दिशेने चालू लागली, म्हणजे बाजाराकडे पाठ करून. पण निंफाचा आता धीर सुटला होता. चौकातल्या कमानींखाली एक गृहस्थ बुटांना पॉलिश करून घेत वर्तमानपत्र वाचत बसले होते. निंफा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, माफ करा. नाताळच्या बाळांचा बाजार कुठे आला?"

एर्लिंदा तिची बाही ओढायला धावली. पण गृहस्थांनी कपाळावर आठ्या घातल्या, वर्तमानपत्राची घडी केली, क्षणभर आभाळाकडे पाहिलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. त्यांना ठाऊक नव्हतं! आणि आमच्या मुलखात "मला ठाऊक नाही" म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. सभ्य माणूस असं करत नाही. तो रस्ता सांगतोच.

"हे बघा बाई," गृहस्थ म्हणाले, "इथून सरळ खाली जा. मोठं देऊळ मागे टाका. मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. कुणालाही विचारा, सांगेल."

"देव तुमचं भलं करो," निंफा म्हणाली.

"साहेबांनी बरोबर सांगितलं," एर्लिंदाने भर घातली. बाजार बरोबर उलट्या अंगाला होता. ती मनातल्या मनात त्या गृहस्थांना आशीर्वाद देत निंफाच्या मागून चालू लागली. आज पहिल्यांदा निंफा पुढे होती. घरांच्या भिंतींवरच्या निळ्या-पिवळ्या फरशांवरून बोट फिरवत, कुठे फुलदाणी बघ, कुठे दाराची कडी बघ, अशी रमत चालली होती. एर्लिंदालाही क्षणभर बरं वाटलं. दोघींनी मिळून असं उगाच हिंडणं त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं.

डावीकडे. मग उजवीकडे. आणि समोर कारमेनचं देऊळ.

एर्लिंदाची पाचावर धारण बसली. देवळामागची ती गल्ली, गल्लीच्या तोंडाशी निळं दार, आणि दाराबाहेर बायका. ज्याची त्याची वाट चुकवणाऱ्या त्या सभ्य माणसाने हिला नेमकं इथे आणून सोडलं होतं!

"निंफे, थांब. मागे फिरू. हा रस्ता नव्हे."

"साहेब म्हणाले उजवीकडे."

"साहेबांना डोंबल कळतं! मी सांगते ना, मागे फिर. तिकडे आइस्क्रीम खाऊ."

"थंडीत आइस्क्रीम?" निंफा पावलं टाकतच होती. गल्लीचं तोंड आलं. एर्लिंदाला काहीच सुचेना. थाप मारायची तर कसली मारायची, आणि जी तोंडातून निघाली ती तिच्याच मुळावर आली.

"निंफे," ती म्हणाली, "मला बसायचंय."

निंफा जागच्या जागी थबकली. वळली. "काय म्हणालीस?"

"बसायचंय मला. पाय गेले."

"अरे देवा! छातीत दुखतंय का? हात जड झालाय का? माझ्या दंडाला धर!" निंफाने तिला कवटाळलं. "बाई गं, चाळीस वर्षांत कधी बसते म्हणाली नाहीस, आणि आज… अहो, जरा जागा द्या हो, माझ्या कोमाद्रेला बरं नाही!" आणि गल्लीत एकुलतं एक बाक जिथे होतं तिथे, त्या निळ्या दाराशी, तिने एर्लिंदाला ओढत नेऊन बसवलं.

बाकावरच्या बायका सरकल्या. प्रत्येकीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा पाय. आत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर बाळंच बाळं. सिरिलोने चष्म्यावरून बाहेर पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"अहो फुलवाल्या बाई! बरं झालं आलात. तुमचं बाळ कालच तयार झालंय. बोटं ओळखू यायची नाहीत!"

एर्लिंदाने डोळे मिटून घेतले. तिला कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कागद उलगडल्याचा. उघडले तेव्हा बाळ निंफाच्या हातात होतं.

निंफाला ओळखायला वेळ लागला नाही. एक डोळा जरा फिक्या काचेचा, कानाचा टवका गेलेला. तिने हात उचलून बोटं तपासली. बाकावरच्या बायकांची कुजबुज थांबली. त्याही आमच्यासारख्याच, त्यांना सगळा प्रकार एका नजरेत कळला. एक म्हणालीसुद्धा, "अगं बाई, चोर सापडली!"

"बोटं कशी मोडली?" निंफाने विचारलं.

"दाराच्या चौकटीला लागून."

"पळताना?"

"पळताना."

"चालत गेली असतीस तर?"

"मला कुठे येतं चालत जाता," एर्लिंदा म्हणाली. बायका फिसकन हसल्या. निंफा हसली नाही.

"महिनाभर मी दारोदार हिंडले. तू माझ्याबरोबर हिंडलीस. शिव्या देत होतीस! आणि आज सकाळपासून मला त्या संतापासून रताळ्यांपर्यंत भोवऱ्यासारखी फिरवतेयस. कशाला? मला खेळवायला?"

"तू जाऊ नयेस म्हणून!" एर्लिंदा ओरडली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने. "तू गेलीस तर मी कुणाच्या खिडकीत उभी राहू? कुठूनही येते ती तुला सांगायला येते मी. तू नसलीस तर मी परत तरी कशाला येऊ? म्हणून चोरलं. घे, सांगितलं."

"मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही," निंफा म्हणाली.

सिरिलो हातातला कागद घडी करत आत निघून गेला. निंफा बाकाच्या उरलेल्या टोकावर बसली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता.

"ताचो गेला तेव्हा तू चोलुलात होतीस. त्याचा हात माझ्या हातात होता. मी कधी बोलून दाखवलं? नाही. पण माझा नवरा गेला, एर्लिंदे, तेव्हा तू घरात होतीस. तू पाणी भरलंस, अंगण झाडलंस, अख्ख्या गावाला कॉफी पाजलीस. कुणी म्हणायचं नाही की एर्लिंदाने केलं नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थनेत तू माझ्याजवळ एकदा बसली नाहीस. एकदासुद्धा. मी तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवत होते, आणि लोक विचारायचे, ही कुणाची?"

एर्लिंदाचे पाय सळसळत होते. उठावं, गल्लीबाहेर पळावं, बस पकडावी, चोलुला नाहीतर राजधानी गाठावी. ती उठली नाही. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मला बसवत नाही गं," ती म्हणाली. आता ती रडत होती. "बसलं की सगळं आठवतं. ताचोचं तोंड दिसतं. तुझ्या घरात त्या दिवशी बसले असते तर मी तिथेच फुटले असते. तू रडायचीस की मला सांभाळायचीस?"

"दोघी रडलो असतो. त्यात काय बिघडलं असतं?"

शेजारच्या बाईने स्वतःच्या बाळाचं दुपटं पुढे केलं, एर्लिंदाने त्याला नाक पुसलं.

"यादिराच्या दारात संध्याकाळी सगळे खुर्च्या टाकून बसतात," निंफा म्हणाली. "काही बोलत नाहीत फारसं. नुसते बसतात. मी जाणार, एर्लिंदे. मला तसं बसायचंय कुणाच्यातरी शेजारी. शनिवारीच जाणार."

"आणि गव्हाण? आईचा दंडक?"

"आईला वर गेल्यावर सांगेन मी काय ते."

एर्लिंदा अजून बसूनच होती. आतून सहाणेवर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. बायकांपैकी एकीचा नंबर लागला, ती आत गेली, दुसरी सरकली. निंफाने बाळाला कागदात परत गुंडाळलं, त्यावर स्वतःची शाल घातली आणि ते एर्लिंदाच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?" एर्लिंदा घाबरली. "तुझं आहे ते. चोरी उघडी पडली, मी आता ठेवणार नाही. कांदेलारियाला कुणाच्या दारात वाजवत नेऊ? कुलूप असणार तिथे!"

"कांदेलारियाला नको. मी येईन तेव्हा परत कर. बँड लावून. तमाले घेऊन. आणि हळू चाल."

"कधी येशील?"

"ते मला काय ठाऊक."

"आणि आलीच नाहीस तर?"

"तर चोर म्हणून मर," निंफा म्हणाली.

"मरेन," एर्लिंदा म्हणाली, आणि तिने बाळ छातीशी धरलं.